पडल्यास वॉरंटी नाही

जुरांदीर म्हणतो, सोनी घे, डोळे मिटून घे.
पायलट वाल्देमार कॅननवाला.
त्याचा मेहुणा लग्नं शूट करतो,
आणि मेहुण्याचं मत वाल्देमार स्वतःचं म्हणून
इंजिनाच्या वर आवाज चढवून सांगतो.
पॅराशूटच्या घड्या घालणारी इरासी
मान वर न करता म्हणते,
"कुठलाही घे, तेल्मा. मान तुझीच दुखणार."

जुना कॅमेरा मार्चमध्ये गेला.
वारा फिरला आणि मी उसात उतरले.
आधी हेल्मेट टेकलं, मग मी.
लेन्समध्ये तांबडी माती,
आणि आतली कॅसेट अजून बाहेर यायला तयार नाही.

तेव्हा साओ पाउलोला गेले, दोन बस बदलून,
हेल्मेट पिशवीत,
कुणाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्यासारखी.
दुकानदार ओसामु, चष्मा कपाळावर.
"लग्न? बाप्तिस्मा?"
"पडणं," मी म्हटलं.
त्यानं चष्मा खाली घेतला.

वीसपट झूम आहे, तो म्हणाला.
झूम नको. जवळ जायचं तर मीच जाते,
हात थोडे मिटून, पोट थोडं आत घेऊन.
मला रुंद दिसायला हवं.
कॅसेट वरून जाते की खालून?
खालून असेल तर प्रत्येक उडीनंतर
स्क्रू काढत बसावं लागतं.
ही घडीची स्क्रीन किती घट्ट बसते?
बारा हजार फुटांवर वारा
झडती घेणाऱ्या पोलिसासारखा
प्रत्येक झाकण उचलून बघतो.
आणि वजन.
पॅराशूट उघडतं तेव्हा चारशे ग्रॅम
चारशे ग्रॅम राहत नाहीत.

हे सगळं मी विचारलं.
आदेलाइदेबद्दल मात्र बोलले नाही.

आदेलाइदे, एकाहत्तर वर्षांची, शिवणकाम करणारी.
वर्षभर डब्यात पैसे टाकून आली होती.
दारात मी बटण दाबलं,
दाबलं गेलं की नाही कळेना, म्हणून परत दाबलं.
खाली येऊन टेप लावली तर
विमानाचा पत्रा,
मग एकदम माझे बूट, गवत,
इरासीची शिट्टी, आणि कुणीतरी कॉफी मागतंय.
मधला मिनिट नाही.
आदेलाइदेचा अख्खा मिनिट.

पैसे परत केले, तिनं घेतले नाहीत.
घड्यांच्या चटईवर पाय पसरून बसली, म्हणाली,
"मग तूच सांग. कशी दिसत होते?"
मी सांगायला लागले.
गाल कसे पाठीमागे पळत होते,
कवळी तिनं खिशात ठेवली होती ते बरं,
हसलीस तेव्हा, म्हटलं, नदी तुझ्या खांद्यामागे होती.
ती मान डोलावत होती, शिलाई तपासतात तशी.
आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं,
मी तिला पाहिलंच नव्हतं.
डोळ्यासमोरची ती छोटी रिंग
तिच्या नाकावर धरून ठेवली होती, एवढंच.
नदी मी तिथल्या तिथे रचली.

ओसामुला म्हटलं, तिन्ही काउंटरवर ठेवा.
हातमोजे घातले. डोळे मिटले.
(जुरांदीरचा सल्ला असा मी अर्धा पाळला.)
पहिल्याचं बटण लोण्यात बोट बुडावं तसं,
दुसऱ्याचं कुठे आहे तेच सापडेना.
तिसरं आत गेलं, अडलं,
आणि कट् असं वाजलं,
आईचा गुडघा पायरीवर वाजायचा तसं.
पुन्हा दाबलं. पुन्हा कट्, पण वेगळा.
चालू आणि बंद, दोन निराळे आवाज.
मोज्यातून कळले. दातांतही कळले.

शोकेसमधला होता, कोपरा खरचटलेला.
बिल करताना ओसामु ओशाळून वाचू लागला,
"पडल्यास वॉरंटी..."
"माहीत आहे," म्हटलं, आणि सही केली.

मैदानावर सगळे विचारतात, शेवटी कुठला?
स्क्रीन उघडू नये म्हणून काळी चिकटपट्टी मारली,
ती नावावरूनही गेली. मुद्दाम, थोडीशी.
शनिवारच्या यादीत अकरा नावं आहेत.
पहिला मुलगा आत्ताच येऊन विचारून गेला,
चेहरा नीट येईल ना?
मी त्याच्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ.
डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे.